शिवारातील सुगंध ते जीनोम संशोधन : नेसरी परिसरातील पदवीधराची वाट

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गडहिंग्लज तालुक्यात वसलेल्या नेसरीचे नाव २४ फेब्रुवारी १६७४ या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले व धारातीर्थी पडले, ते याच परिसरात. बाहेरगावचा पाहुणा आला की गावकरी त्याला प्रथम स्मारकाकडे नेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या मुलखाची आणखी एक संपत्ती आहे व तिची वाच्यता त्या मानाने फार कमी होते. ती म्हणजे येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले बियाणे. शेजारच्या आजरा तालुक्यातील घनसाळ भात चुलीवर शिजू लागला की आज घरात काय रांधले आहे, हे शेजाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. या आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काळा जिरगा हा त्याच भागातील आणखी एक जुना वाण.

घनसाळला हा वास कोठून येतो, असे विचारले तर कोणी जमिनीचा गुण सांगेल, कोणी पाण्याचा, कोणी सह्याद्रीच्या पावसाचा. या उत्तरांत तथ्य आहेच. तथापि त्याच बांधाला लागून, त्याच पाण्यावर लावलेल्या सुधारित भाताला तो वास येत नाही, हेही शेतकरी जाणतो. याचा अर्थ असा की सुगंधाचे मूळ बियाण्यात आहे. जमीन व हवामान त्याला साथ देतात. मग बियाण्यात ते नेमके कोठे आहे? हा प्रश्न मनात आला म्हणजे माणूस जीनोमशास्त्राच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. ग्रामीण भागातील पदवीधर विद्यार्थ्याला हा उंबरठा कसा ओलांडता येतो आणि तो कोठे अडखळतो, हे शिक्षक, अधिकारी व पंचायतीचे सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्या अडखळण्याच्या बहुतेक जागा प्रयोगशाळेत नसून गावात, महाविद्यालयात आणि घरात आहेत.

आठ अक्षरांची गोष्ट

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब रेणू असतो. चार रासायनिक घटकांची माळ असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. या चार घटकांना शास्त्रज्ञ ए, टी, जी आणि सी या अक्षरांनी ओळखतात. बाराखडीतील अक्षरे तीच, पण त्यांच्या क्रमातून ओवीही होते आणि सातबाराचा उताराही. त्याप्रमाणे या चार अक्षरांच्या क्रमातून भात भात होतो आणि ऊस ऊस. एखाद्या सजीवाच्या पेशीतील हा सगळा मजकूर मिळून त्याचा जीनोम होतो. जीनोम हा शब्द १९२० मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी रूढ केला. त्या मजकुरातील जे परिच्छेद एखादे ठरावीक काम घडवून आणतात त्यांना जनुके म्हणतात. पूर्वी शास्त्रज्ञ एकेका जनुकाचा अभ्यास करीत. जीनोमशास्त्र संपूर्ण ग्रंथ समोर ठेवून बसते.

हे ग्रंथ लहानमोठे असतात. करोनाच्या विषाणूचा जीनोम सुमारे तीस हजार अक्षरांचा आहे. भाताचा सुमारे ३९ कोटी अक्षरांचा, माणसाचा सुमारे ३०० कोटींचा. उसाचा ग्रंथ मात्र अवाढव्य आहे. आजच्या लागवडीचे वाण वेगवेगळ्या जातींच्या संकरातून झालेले असल्यामुळे उसाच्या एका पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात आणि एकूण अक्षरे सुमारे एक हजार कोटी. भाताच्या पेशीत २४ व माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ऊस किती गुंतागुंतीचा आहे याची कल्पना येते. आर ५७० या उसाच्या वाणाचा जीनोम एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रसिद्ध केला तो २०२४ मध्ये. म्हणजे माणसाचा जीनोम प्रकल्प पूर्ण झाल्यानंतर तब्बल एकवीस वर्षांनी. तांबेरा रोगाला दाद न देण्याचा गुण त्या वाणाच्या जीनोमात कोठे आहे, याचा माग त्या कामातून लागला. को ८६०३२ लावणाऱ्या शेतकऱ्याला हे संशोधन दूरचे वाटेल. परंतु उसाचा नवा वाण तयार होऊन शेतात यावयास दहा-बारा वर्षे लागतात, आणि त्यातील निवडीचा काळ कमी करण्याचा मार्ग याच वाचनातून जातो.

जनुकीय क्रमनिर्धारण हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोचला तो २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. केरळमध्ये जानेवारी २०२० मध्ये आढळलेल्या पहिल्या रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचा जीनोम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वाचला होता. पुढे डिसेंबर २०२० मध्ये देशातील निवडक प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली आणि कोणत्या जिल्ह्यात विषाणूचे कोणते रूप पसरत आहे, हे त्या वाचनावरून समजू लागले. दवाखान्यातील घशाचा नमुना आणि संगणकावरील अक्षरांची रांग यांचा संबंध सामान्य वाचकाला तेव्हा प्रथमच प्रत्यक्ष जाणवला.

आता सुगंधाकडे वळू. भाताचा संपूर्ण जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताचा वाटा होता. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्था यांनी अकराव्या गुणसूत्राच्या वाचनाची कामगिरी उचलली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सुगंधी भाताचे रहस्य उलगडले. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. साध्या भातात ते एक विकर तयार करते आणि ते विकर एका विशिष्ट रसायनाचा निचरा करीत राहते. बासमतीसारख्या सुगंधी भातांत या जनुकाच्या मजकुरातील आठ अक्षरे गळालेली आहेत. अक्षरे गळाल्यामुळे पुढचे वाक्य विस्कटते, विकर निकामी होते, निचरा थांबतो आणि साचलेल्या रसायनापासून एक बाष्पनशील सुगंधी संयुग तयार होते. आपण ज्याला घमघमाट म्हणतो तो या संयुगाचा. ३९ कोटींतील आठ अक्षरांचा हा प्रताप होय. आश्चर्य असे की कोण्या एका काळी शेतकऱ्याने एवढेच केले असावे की वास येणारी लोंबी वेगळी काढून पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली. त्या आठ अक्षरांची निवड त्याच्या नाकाने केली.

जगातील पुष्कळशा सुगंधी वाणांत हीच आठ अक्षरे गळालेली आढळतात. काहींत त्याच जनुकाचा दुसरा एखादा भाग बिघडलेला असतो. एखाद्या रोपात हा बदल आहे की नाही, हे पानाच्या लहानशा तुकड्यावरून, पीसीआर या पद्धतीने एका दिवसात तपासता येते. बासमतीतील भेसळ ओळखण्याची डीएनए तपासणी हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्राने विकसित केली, तिचा उपयोग निर्यातीच्या व्यापारात होतो. मानांकन मिळालेल्या कोणत्याही वाणाला आज ना उद्या हाच प्रश्न भेडसावतो. नाव घनसाळचे आणि पोत्यात भलतेच, असे होऊ लागले तर खरा घनसाळ पिकवणारा शेतकरी नाडला जातो. त्याच्या बाजूने साक्ष देणारा जाणकार त्याच्याच तालुक्यातून तयार झाला, तर त्याहून चांगले काय?

गडहिंग्लजपर्यंत आणि गडहिंग्लजच्या पुढे

उदाहरणादाखल एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. घरी थोडा ऊस, काही गुंठे घनसाळ. शाळा नेसरीची. दहावीला गुण चांगले, म्हणून विज्ञान शाखा. पुढे गडहिंग्लजच्या शिवराज किंवा डॉ. घाळी महाविद्यालयासारख्या ठिकाणी बी.एस्सी., विषय वनस्पतिशास्त्र. रोजचा एसटीचा प्रवास. येथपर्यंतची वाट आता रुळलेली आहे आणि या परिसरातील शेकडो मुलेमुली तिने जातात. अडचण पुढे आहे.

पहिली अडचण वास्तविक अकरावीतच रोवली जाते, मात्र ती जाणवते पाचसहा वर्षांनी. जीवशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याने गणित सोडावे, असा आपल्याकडे जणू दंडक पडला आहे. वैद्यकीय प्रवेशाला गणित लागत नाही, गुण कमी होण्याची भीती असते, आणि पालकांनाही तो सल्ला व्यवहारी वाटतो. ज्याला वैद्य व्हावयाचे आहे त्याचे यात फारसे बिघडत नाही. जीनोम संशोधनाकडे वळणाऱ्याचे मात्र निश्चित बिघडते. ते कसे, हे एका हिशेबाने पाहावे.

समजा, भाताचे दोनशे वाण घेतले. काही उंच वाढून लोळणारे, काही ठेंगणे. प्रत्येकाच्या जीनोमातील एक लाख जागा तपासल्या आणि कोणत्या जागेवरील अक्षर उंचीशी जुळते ते पाहिले. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीप्रमाणे शंभरांत पाच वेळा निव्वळ योगायोगाने जुळणी दिसू शकते, ती चूक आपण मान्य करून चालतो. एका जागेची तपासणी असेल तर हे ठीक आहे. परंतु तपासणी एक लाख जागांची असेल तर उंचीशी काडीचाही संबंध नसलेल्या सुमारे पाच हजार जागा जुळणाऱ्या म्हणून पुढे येतील! खरे जनुक एक-दोन असतील आणि ते या पाच हजारांच्या गर्दीत दडून बसेल. म्हणून कसोटी किती कडक करावयाची, वाणांचे आपसांतील नाते हिशेबात कसे धरावयाचे, हे ज्याला उमगते त्याच्याच हाती निष्कर्ष लागतो. यंत्र अक्षरे वाचून देते. त्यापुढचे काम संख्याशास्त्राचे व संगणकाचे असते. आजच्या जीनोम संशोधकाचा निम्म्याहून अधिक वेळ संगणकासमोर जातो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

यावर उपाय नाही असे नव्हे. पदवीच्या काळात संख्याशास्त्राचा एखादा विषय घेता येतो. शासनाच्या स्वयम् या व्यासपीठावर संख्याशास्त्र, संगणकलेखन व जैवमाहितीशास्त्र यांचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहावयास मिळतात. सार्वजनिक संग्रहांत जगभरच्या पिकांचे, जंतूंचे, प्राण्यांचे जीनोम कोणालाही खुले आहेत. जेनबँक हा संग्रह १९८२ पासून चालू आहे. भारतानेही फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्र उभारले आहे. महाविद्यालयातील एका साध्या संगणकावर, बासमतीचे ते आठवे गुणसूत्र उघडून त्यातील गळालेली आठ अक्षरे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतात. यासाठी प्रयोगशाळेचा खर्च शून्य. एका तासिकेत हा पाठ होतो आणि तो सहसा विसरला जात नाही.

दुसरी अडचण वेळेवर माहिती न मिळण्याची. एम.एस्सी.साठी देशातील नामांकित संस्थांत जावयाचे तर जॅम या परीक्षेचे अर्ज बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावे लागतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही निराळी परीक्षा आहे. खेड्यातील विद्यार्थ्याला या परीक्षांची नावे बहुधा निकालानंतर कळतात. तोवर दारे मिटलेली असतात. मग तो स्वतःला कमी लेखतो. वास्तविक उणीव बुद्धीची नसून तारखेची असते. विभागाच्या सूचनाफलकावर, तिसरे वर्ष सुरू होतानाच, या तारखांचा एक कागद लागला आणि प्राध्यापकांनी त्यावर दहा मिनिटे सांगितले, तर पुष्कळ काम होईल. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींच्या वतीने उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दिली जाते, तिचे अर्ज हिवाळ्यात मागविले जातात. ही शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही खुली आहे, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांच्या लक्षात आलेली नसते. आठ आठवडे एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करून आलेला शिक्षक पुढची कित्येक वर्षे वर्गात निराळ्याच आत्मविश्वासाने उभा राहतो.

बाहेर जाणे शक्य नसेल तरी वाट बंद होत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, ज्याची स्थापना १९६२ ची, वनस्पतिशास्त्र, जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि संख्याशास्त्र हे विभाग एकाच आवारात आहेत. या चार विभागांमधील अंतर चालत काही मिनिटांचे आहे. जीनोमशास्त्र शिकू इच्छिणाऱ्याने ते वारंवार चालावे. कृषी पदवीधरांना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची वाट आहेच.

तिसरी अडचण सर्वांत कठीण, कारण ती घरातली आहे. एम.एस्सी. झाली, वय तेवीस. पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, शिक्षकाची नोकरी या गोष्टी घरच्यांना समजतात. संशोधन म्हणजे काय, ते किती वर्षे चालते आणि शेवटी काय होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुलगी असेल तर प्रश्न दुहेरी होतो. येथे आकडे स्पष्ट सांगितलेले बरे. विज्ञान व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची संयुक्त नेट परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचा प्रघात आहे. तिच्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ज्येष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ४२,००० रुपये मिळतात. नियमानुसार घरभाडेही मिळते. जैवतंत्रज्ञान विभागाची अशीच स्वतंत्र परीक्षा आहे. राज्य शासनाच्या बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. म्हणजे संशोधक विद्यार्थी घरावर भार होतो, ही समजूत खरी नाही. खरा कठीण काळ आहे तो एम.एस्सी.चा निकाल आणि अधिछात्रवृत्ती यांच्या मधला. कधी सहा महिने, कधी दोन वर्षे. या काळात हातात पैसा नसतो, वय वाढत असते, आणि नातेवाइकांच्या चौकशा सुरू होतात. चांगल्या विद्यार्थ्यांची सर्वाधिक गळती येथे होते. प्रकल्प साहाय्यक म्हणून एखाद्या प्रयोगशाळेत लागणे हा या काळातील उत्तम आधार. वेतन बेताचे असले तरी हात कामात राहतो.

नेट परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने याची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण तयारी मात्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून हवी. २०२४ पासून नेटच्या निकालात केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, असाही एक वर्ग जाहीर होऊ लागला आहे. तसेच चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यास पदव्युत्तर पदवीवाचून पीएच.डी.साठी अर्ज करण्याची मुभा २०२२ च्या नियमांनी दिली आहे. या दोन बदलांची नोंद शिक्षकांनी अवश्य घ्यावी.

मुलींच्या बाबतीत एक जुना दाखला आठवतो. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी म्हणून ख्यातनाम झालेल्या शास्त्रज्ञ, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना नकार दिला. त्यांनी तो मानला नाही. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी संपादन केली. आज संस्थांची दारे स्त्रियांना उघडी आहेत. आता नकार येतो तो बव्हंशी घराच्या ओसरीवरून, आणि तोही काळजीपोटी. वसतिगृह कसे आहे, रात्री प्रयोग चालला तर मुलगी परत कशी येते, या प्रश्नांना संस्थेत जाऊन आलेल्या कोणा ज्येष्ठ विद्यार्थिनीने उत्तरे दिली तर ती घरच्यांना पटतात.

प्रयोगशाळेच्या आत

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा नवी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर यांनी वनस्पतींच्या डीएनएचा अभ्यास करणारा गट उभा केला व त्यातून संशोधकांची एक फळी तयार झाली. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले; जैवमाहितीशास्त्र हा शब्दही तेव्हा फारसा कोणी ऐकला नव्हता. त्याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सुगंधी भातावर काम झाले आहे. आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, २००६ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था ही सारी पुण्यातच आहेत. नेसरीच्या विद्यार्थिनीला प्रयोगशाळेसाठी महाराष्ट्राबाहेर जावेच लागेल, असे नाही.

पीएच.डी.ची पाच वर्षे कशी जातात, हे मात्र जाणाऱ्याला आधी ठाऊक असावे. पहिले वर्ष अभ्यासक्रमात आणि हात बसविण्यात जाते. पानापासून डीएनए काढणे हे ऐकावयास सोपे; परंतु भाताच्या कोवळ्या पानातून उत्तम डीएनए मिळतो आणि उसाच्या जून पानातून गढूळ चोथा, हे स्वतः दहा वेळा फसल्यावाचून कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रश्न बदलतो. हाती घेतलेला विषय दुसऱ्या कोणी आधीच सोडविला, असेही होते. एखादा नमुना बिघडतो, यंत्रासाठी लागणारे रसायन महिनाभर येत नाही, आणि घरून विचारणा होते, अजून किती वर्षे?

या शास्त्रात धीर किती लागतो, याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातील संशोधकांशी निगडित आहे. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली सिंधू संस्कृतीच्या दफनभूमीचे उत्खनन झाले. उष्ण हवामानात हाडांतील डीएनए टिकत नाही. त्या सांगाड्यांतील ६१ नमुने तपासले गेले. त्यांपैकी केवळ एका नमुन्यातून, एका स्त्रीच्या अवशेषातून, वाचता येण्याजोगा जीनोम मिळाला. आणि तोही शंभराहून अधिक वेळा नव्याने तयारी करून, कणाकणाने जमविलेला. तो निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वृत्तपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली. साठ नमुने रिकामे गेले, ही गोष्ट मात्र मथळ्यांत आली नाही. संशोधनात शिरू पाहणाऱ्याने ती आधी वाचावी.

भारतातील माणसांच्या जीनोमाचा जो राष्ट्रीय प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला, त्यात वीस संस्थांनी मिळून दहा हजार व्यक्तींचे जीनोम वाचले व ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. माहितीचा साठा तयार आहे. तो वाचणारे हात कमी आहेत. पहिला मानवी जीनोम वाचावयास तेरा वर्षे आणि सुमारे ३०० कोटी डॉलर लागले होते. आज एका माणसाचा जीनोम एक हजार डॉलरांहून कमी खर्चात वाचता येतो. वाचन स्वस्त झाले, अर्थ लावणे झाले नाही.

पंचायतीच्या कपाटातील नोंदवही

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपूर येथून या कामाचे मार्गदर्शन करते. ही नोंदवही केवळ पूर्ततेसाठी भरून कपाटात ठेवली तर तिचा उपयोग शून्य. परंतु कोणत्या वाडीत, कोणाच्या शेतात, कोणता जुना वाण किती वर्षांपासून आहे, बियाणे कोणाकडून आले, कापणी कधी होते, हे तीत नीट लिहिले तर जीनोम संशोधकाच्या दृष्टीने तिची किंमत प्रयोगशाळेतील यंत्रापेक्षा कमी नाही. कारण यंत्र अक्षरे देईल. ते बी ज्या घराने राखले त्याचा इतिहास यंत्राला देता येत नाही. पोत्यातून उचललेल्या निनावी दाण्यावर केलेले संशोधन अर्धेच राहते.

याच्या जोडीला वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ आहे. त्याखाली शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाची शेतकऱ्यांच्या नावे नोंदणी होऊ शकते, आणि पिकांचा जीनोम जपणाऱ्या शेतकऱ्यांना व शेतकरी समूहांना केंद्र शासनाकडून पुरस्कारही दिले जातात. जीनोम हा शब्द शासनाच्या पुरस्काराच्या नावात आला तो शेतकऱ्यासाठी, ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी घरात जमविलेल्या देशी बियाण्यांच्या संग्रहाची दखल घेऊन त्यांना २०२० च्या पद्मश्री पुरस्काराने गौरविण्यात आले.

नेसरीची ती विद्यार्थिनी अधिछात्र झाली आणि घनसाळवर काम करावयाचे तिने ठरविले, तर तिचा पहिला नमुना पुण्यात नव्हे, आजऱ्याच्या एखाद्या बांधावर गोळा होईल. बाहेरून आलेल्या अनोळखी संशोधकाला शेतकरी दोन मुठी दाणे देतो आणि विषय संपतो. तिला मात्र तो थांबवून सांगेल की हे आजीच्या माहेरचे बी, हे मधल्या दुष्काळात सोयऱ्याकडून आणलेले, आणि ते पलीकडचे घनसाळ म्हणतात पण तसे नाही. हे तिने त्याच जागी लिहून घ्यावयाचे आहे. लखोट्यावर गाव, वाडी, शेतकऱ्याचे नाव, गटक्रमांक, तारीख. एक लखोटा प्रयोगशाळेकडे, आणि त्याच क्रमांकाची एक ओळ ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत. ती ओळ लिहिताना समितीच्या सचिवाने सही घ्यावी आणि निष्कर्षाची एक प्रत, मराठीत, गावाला मिळेल असे त्याच पानावर नमूद करून घ्यावे.